गुरुवारची बेखमीर भाकरी

आधी दिसायच्या त्या झावळ्या. नदीकडच्या चढावरून हिरव्या, टोकदार पानांचा एक भारा डुलत डुलत वर यायचा, त्याच्याखाली सायकलची दोन चाकं, आणि अगदी शेवटी घामानं पाठीला चिकटलेला पांढरा सदरा — म्हणजे आमचे वडील. आम्ही दोघी बहिणी त्यांना दादा म्हणायचो. येशू येरुशलेमात शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याची मिरवणूक काढली, त्या आठवणीचा ईस्टरआधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. त्याच्या आदल्या दिवशी सकाळची शाळा सुटली की दादा परस्पर ओढ्यावर जायचे, शिंदीच्या खालच्या झावळ्या विळ्यानं तोडायचे आणि तो भारा घेऊन सगळ्या गावातून यायचे. शिंदीच्या पानाला टोकाशी काटा असतो. घरी येईस्तोवर दादांच्या मानेवर आणि कानामागं बारीक लाल रेघा उमटलेल्या असायच्या. आई त्यांवर खोबरेल लावता लावता म्हणायची, "येरुशलेमात शिंदी नव्हती ते बरं झालं. न्हाई तर मिरवणूक दवाखान्यात गेली असती."

दाराच्या दोन्ही अंगांना झावळ्या बांधल्या की एक कच्चा, तुरट, ओला वास घरात शिरायचा आणि आमचा आठवडा सुरू व्हायचा… शेवटी येशूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार, आणि त्याच्याही पलीकडे पुनरुत्थानाची पहाट, असा तो आठवडा.

गंगाखेडात तेव्हा ख्रिस्ती घरं चार होती. चर्च नव्हतं. परभणीच्या चर्चचे पाळक महिन्यातून एकदा एसटीनं यायचे. एरवी आमच्याच ओसरीवर बसकरपट्ट्या अंथरून प्रार्थना व्हायची आणि शाळेत जसे धडे वाचायचे तसेच खणखणीत आवाजात दादा शास्त्र वाचायचे. गावाच्या लेखी ते 'मास्तरचं घर' होतं, बाकी काही नाही. नाताळ लोकांना ठाऊक होता. पण ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, हे शेजारच्या गयाबाईला कधी पटलं नाही. "येकाच मान्साची मेल्याली तारीख दरसाली कशी बदलंल वो मास्तरीणबाई?" असं ती विचारायची. आई म्हणायची, "चंद्रावर असती. तुमच्या पाडव्यावानी." मग तिचं समाधान व्हायचं, ते पुढच्या वर्षापर्यंत.

दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे असायचे. लिंबाला मोहर आलेला, त्याचा कडवट गोड वास दुपारच्या झोपेत मिसळायचा. गोदावरी आटून वाळूच्या कडेला सरकलेली, आणि त्या वाळूत टरबुजांचे वेल. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा जड, आंबूस वास गावावर येऊन बसायचा. घरात नवी टाळकी ज्वारी आलेली असायची. पोत्यात हात घातला तर गार लागायची, आणि आई ओरडेपर्यंत मी कोपरापर्यंत हात घालून बसायची…

चार घरांत न मोडणारी एक बाई आमच्या प्रार्थनेला यायची. ती म्हणजे अन्नम्मा सिस्टर. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटीच राहायची. गाव तिला 'मद्रासी सिस्टर' म्हणायचं. आपण केरळच्या, मद्रासच्या नव्हे, हे तिनं पहिलं वर्षभर सगळ्यांना समजावलं आणि मग सोडून दिलं. मराठी ती पेशंटांकडून शिकली होती, त्यामुळे तिच्या तोंडी 'लय' होतं, 'कामून' होतं, आणि क्रियापदं मात्र सगळी पुरुषांची. "मी आला," म्हणत ती ओसरीवर चढायची. कोणी हसायचं नाही, कारण हसणाऱ्याला कधी ना कधी तिच्याकडून इंजेक्शन घ्यायचं असायचं.

तिचा ख्रिस्ती धर्म थेट येशूचा शिष्य प्रेषित थोमा याच्यापासून चालत आलेला. आमचा आला पणजोबांपासून. हे ती कधी बोलून दाखवत नसे, पण आईच्या मते ते तिच्या पदर खोचण्यातच दिसायचं. आमच्यात आणि तिच्यात तारणारा एकच होता, पण रीत जवळजवळ कुठलीच एक नव्हती. आम्ही ईस्टरआधी उपवासाचे चाळीस दिवस धरायचो, तेही आपापल्या सवडीनं. कोणी चहा सोडायचं, कोणी नुसतीच साखर. ती पन्नास दिवस धरायची आणि त्यांत मांस, मासळी, अंडं, दूध, काहीच नाही. पहिल्या वर्षी आईनं कौतुकानं तिला अंड्याचं कालवण पाठवलं. तिनं डबा उघडला, झाकला आणि माझ्याच हाती परत दिला. "आईला सांग, ईस्टरला पाठव. डबा हाच चालेल." आईला राग यायला हवा होता, पण तिला असा सरळपणा आवडायचा.

आणि त्या आठवड्यातला गुरुवार तर तिचा एकटीचाच होता. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची प्रार्थना व्हायची, ती पाळक आले तर. नाही तर दादा एक अध्याय वाचायचे आणि संपलं. सिस्टर मात्र त्या दिवशी ड्यूटी संपवून तांदळाचं पीठ आणि वाटलेली उडदाची डाळ एकत्र करायची, त्यात ओलं खोबरं, जिरं, लसूण घालायची, ते ताटलीत ओतून वाफवायची. वर झावळ्यांच्या रविवारच्या पानाचा छोटा क्रूस ठेवायची. आमच्या शिंदीकडे ती जरा नाराजीनंच बघायची — तिच्या गावी नारळाची कोवळी, पिवळट झावळी असायची म्हणे, रेशमासारखी. पण क्रूस करायची शिंदीचाच. सोबत गुळातलं नारळाचं दूध, सुंठ घातलेलं. याला ते लोक पेसहा म्हणतात, आणि त्या वाफवलेल्या भाकरीला अप्पम. वल्हांडणाची, म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून सुटकेच्या रात्रीची आठवण. घरातल्या कर्त्या माणसानं प्रार्थना करून ते कापायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. तिच्या घरात कर्तीही तीच आणि सगळेही तीच, म्हणून ती ताटली झाकून आमच्याकडे यायची आणि दादांच्या पुढे ठेवायची. चपटं, पांढरं, घट्ट असं ते काहीतरी मी बोटभर खायची आणि वाटीभर गुळाचं दूध प्यायची.

मी अकरा वर्षांची असताना, त्या वर्षीच्या होळीच्या सुमाराला, सिस्टरला तार आली. तिचे वडील गेले होते. गाडीनं जायचं तर दोन दिवस लागणार आणि दफन त्याच दिवशी व्हायचं होतं. ती गेली नाही. एक दिवस क्वार्टरचं दार बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी ती ड्रेसिंगच्या टेबलापाशी उभी राहून कोणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होती. सगळं गाव भेटून आलं. वय काय होतं, काय झालं होतं, कोणती गाडी धरायला हवी होती, हे सगळं विचारून झालं. तिला रडताना कोणी पाहिलं नाही. गयाबाईनं निर्वाळा दिला, "हे मद्रासी लोकं कठीणच."

मग तो आठवडा आला. बुधवारी संध्याकाळी आई मला घेऊन तिच्याकडे गेली. दारातच म्हणाली, "सिस्टर, उद्या तुमचं ते अप्पम न्हाई का? या शिलीला पाठवून देते, डाळ वाटू लागंल."

सिस्टर कापसाचे बोळे करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "या वर्षी नाही करत."

"कामून?"

"घरात मरण झालं की एक वर्ष नाही करायचं. रीत हाय."

"मग खायाचं बी न्हाई?"

"खायचं. पण आपल्या चुलीवरचं नाही. शेजारचे आणतात, नाही तर बोलावतात. आमच्या गावात एका घराला सात घरून येतं. माझी आई उद्या खाऊन खाऊन थकेल बघा."

"अन् तुमी?"

सिस्टरनं आणखी एक बोळा वळला, डब्यात टाकला. "इथं कोण हाय," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. दुकान बंद आहे, हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

परत येताना आई झपाझप चालत होती. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर मात्र एकदम थांबली. "इथं कोण हाय म्हणं," ती म्हणाली. "आपुन काय झाडं हावोत का?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तांदूळ आणि उडीद भिजत पडले. आमच्याकडे तांदूळ रविवारी शिजायचा आणि तोही मोजका. भिजवलेला तो सगळाच होता, हे मला नंतर कळलं. सकाळची शाळा सुटून मी आले तेव्हा आई गयाबाईच्या अंगणात तिच्या पाट्यावर वाटत बसली होती. आमचा पाटा गुळगुळीत झाला होता, टाकी लावायला झालेला. गयाबाईनं कशासाठी ते विचारलं. आईनं सांगितलं — मरणाच्या घरी स्वतः करत नाहीत, शेजाऱ्यानं न्यायचं असतं.

"हाय की मग आमच्यातबी," गयाबाई म्हणाली. "माती झाली की त्या घरची चूल पेटत न्हाई. शेजारचं पिठलं-भाकर जातं. यात मद्रासी काय हाय?"

वाटण पातेल्यात काढून आई नारळ आणायला बाजारात निघाली. सुकं खोबरं घरात होतं, पण दुधाला ओला नारळ पाहिजे, आणि तो देवळापाशीच मिळायचा. जाताना तिनं मला बजावलं, "वर फडकं टाक. हात लावू नको. मी आले की वाफवू."

आता इथं माझं डोकं कसं चाललं ते सांगितलं पाहिजे. त्याच्या आदल्या दिवाळीत दादांनी मला परभणीच्या स्टेशनवर आयुष्यातली पहिली इडली खाऊ घातली होती. पांढरी, फुगलेली, बोटानं दाबली की पुन्हा वर येणारी. तांदूळ आणि उडीद म्हणजे इडली, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. सिस्टरचं अप्पम दरवर्षी चपटं व्हायचं, ते बिचारीला एकटीला जमत नसावं म्हणून, अशी माझी समजूत होती. यंदा तिचे वडील गेलेत, यंदा तरी तिला नीट फुगलेलं मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटलं. मी वाटीभर आंबट दही पातेल्यात घातलं, ढवळलं आणि ते पातेलं माळवदाकडे जाणाऱ्या दगडी पायरीवर भर उन्हात नेऊन ठेवलं.

बेखमीर भाकरीचा धडा मला तोंडपाठ होता. मिसर देशातून निघताना लोकांना पीठ फुगायला सवड नव्हती, म्हणून या सणाला खमीर चालत नाही — हे पाळकांसमोर न अडखळता म्हटल्याबद्दल मला कंपासपेटी मिळाली होती. पण खमीर म्हणजे बेकरीतलं, पावातलं. ते माझ्या लेखी हैदराबादहून यायचं. घरच्या दह्यात ते असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आमच्याकडच्या त्या उन्हाला दोन-अडीच तास पुरले. फडक्याखाली पातेलं हळूहळू भरत आलं, वर बारीक बुडबुडे आले, आंबूस वास सुटला. मी दर थोड्या वेळानं जाऊन बघत होते आणि खूश होत होते…

दुपारी मिटलेलं दुकान उघडेस्तोवर थांबून चारच्या पुढे आई आली. ऊन लागून तिचा चेहरा लाल झाला होता. नारळ ठेवला, पाणी प्यायली, फडकं उचललं आणि तशीच उभी राहिली.

"दही घातलंस?"

"…थोडं."

"थोडं म्हंजे किती?"

"वाटीभर."

मला मार बसायला हवा होता. आई उंबऱ्यावर बसली. तिला असं दिवसा, हातात काही काम नसताना बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काय झालं ते तिनं एका वाक्यात सांगितलं, आणि मग मला खमीर म्हणजे काय ते कंपासपेटीसकट कळलं.

दादा घरातच होते. म्हणाले, "आता पुन्हा भिजवायला तांदूळ नाही आणि वेळही नाही. दिवे लागायच्या आत न्यायचं. राहू दे या वर्षी. देव मन बघतो."

"देव बघंल," आई म्हणाली. "सिस्टरला काय दाखवू?"

मग आई उठली, हात धुतले, काठवट पुढे ओढली आणि डब्यातून ज्वारीचं पीठ घेतलं. चुलीवर पाणी ठेवलं. दादांच्या लक्षात यायला क्षणभर लागला.

"अगं, त्यांची रीत तांदळाची आहे."

"शास्त्रात काय लिवलंय? अप्पम का भाकर?"

"भाकर," दादा म्हणाले. "बेखमीर भाकर."

"मग? ज्वारीत कोणी कधी खमीर घातलंय?"

"फुगते तर भाकरीपण," दादा हळूच म्हणाले. मास्तरच ते.

"ती वाफंनं फुगती," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "दह्यानं न्हाई."

नव्या ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी, तळव्यानं रगडून मळलेला गोळा… आईचे हात काठवटीत असे फिरायला लागले की घरातल्या बाकी सगळ्या आवाजांना लय यायची. त्या दिवशी तिनं एकच भाकरी केली, पण काठवटीएवढी, मधे जाड नाही आणि कडेला चीर नाही अशी. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, आरावर उभी धरली. गोड, धुरकट, खरपूस वास आला. मला नारळ खोवायला बसवलं होतं. नखं सोलवटेपर्यंत मी खोवला, एरवी कधी करत नसे तरी. दूध पिळून गूळ, सुंठ घातली. दादांनी दारावरच्या झावळीचं एक पान ओढून काढलं, काटा मोडून टाकला आणि त्याचा क्रूस बांधून भाकरीवर ठेवला.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. पुढे आई, पदराखाली फडक्यात गुंडाळलेली भाकरी. मागे दादा, त्यांच्या कडेवर माझी धाकटी बहीण, चार वर्षांची रूथ. आणि सगळ्यांत शेवटी मी, हातात गुळाच्या दुधाचा झाकलेला गडू. मला ते घर कधी येऊच नये असं वाटत होतं. तिनं नको म्हटलं तर? अंड्याचा डबा तिनं कसा परत दिला होता, ते मला आठवत होतं. तेव्हाही डबा माझ्याच हातात होता.

सिस्टर दारातच उभी होती, उद्याची साडी दोरीवरून काढत. आई सरळ आत गेली, तिच्या टेबलावर गाठोडं ठेवलं आणि फडकं उघडलं. सिस्टर भाकरीकडे बघत राहिली. तिच्यावरच्या त्या शिंदीच्या क्रूसाकडे बघत राहिली.

"पेसहा," आई म्हणाली. "तांदळाचं केलं व्हतं, ते आंबलं. आंबल्यालं चालत न्हाई म्हणून ज्वारीचं आणलंय. आमाला हेच येतं. तुमच्यात चालत नसंल तर तसं सांगा, राग न्हाई."

आईनं माझं नाव घेतलं नव्हतं. ते मला सहन झालं नाही. "मी दही घातलं," मी म्हणाले.

सिस्टर माझ्याकडे वळली. "कामून?"

"तुमचं कधी फुगत नाही म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलले. हसत होती. पदर काढून म्हणाली, "तीस वर्षं माझी आई ते फुगू नये म्हणून धडपडते," आणि पुन्हा हसायला लागली. मग भिंतीला उभी केलेली चटई तिनं जमिनीवर अंथरली.

आम्ही बसलो. दादांनी हात जोडले, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "सिस्टर," ते म्हणाले, "वडिलांचं नाव काय?"

आई दादांकडे बघायला लागली. महिनाभरात गावानं सगळं विचारलं होतं, आम्हीही विचारलं होतं. नाव कोणी विचारलं नव्हतं.

"चाको," सिस्टर म्हणाली.

दादांनी पुन्हा डोळे मिटले. आमच्याकडे वयस्कर माणसाचं नाव उघडंबोडकं घेत नाहीत, ते दादांच्यानं होणारही नव्हतं. त्यांनी आपल्या नेहमीच्या वर्गातल्या आवाजात प्रार्थना सुरू केली. हे प्रभू, तुझे सेवक चाकोबा यांना तू आपल्याजवळ नेलंस. चाकोबांनी आपली लेक इतक्या लांब आमच्या माणसांची सेवा करायला पाठवली. चाकोबांच्या घरी आज शेजारी भाकरी घेऊन आले असतील, तसे आम्हीही इथं आलो आहोत…

मधेच एक आवाज आला. मला वाटलं, ती पुन्हा हसते आहे; चाकोबा ऐकून मलाही हसू येत होतं. मी एक डोळा किलकिला केला. सिस्टर रडत होती. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून. दादा थांबले नाहीत. आईनं तिच्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही; फक्त पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी सरकवला आणि पुन्हा डोळे मिटले.

मग दादांनी भाकरी मोडली. ती अजून ऊन होती. पहिला तुकडा सिस्टरला दिला, तिनं तो गुळाच्या दुधात बुडवून खाल्ला. मग दुसरा मागितला, मग तिसरा. भांडी विसळताना ती आईला सांगत होती, की तिचे वडील साठीनंतरही स्वतः माडावर चढायचे आणि खाली उभी राहून तिची आई त्यांना शिव्या द्यायची. त्या शिव्या मल्याळम्‌मध्ये कशा असतात, तेही तिनं आईला म्हणून दाखवलं. तिच्या वडिलांबद्दल आम्ही ऐकलेलं हे पहिलंच.

ते आंबलेलं पातेलं वाया गेलं नाही. आईनं ते वाफवून गयाबाईकडे दिलं. तिच्या घरी त्याचा ठेच्याबरोबर फडशा पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेसाठी परभणीला निघालो होतो, तेव्हा ती भिंतीवरून म्हणाली, "मास्तरीणबाई, फुडच्या साली बी दहीच घाला." रविवारी सिस्टरनं आमच्या घरी आपले पन्नास दिवस सोडले — आईच्या पुरणपोळीनं आणि अंड्याच्या कालवणानं. डबा तोच होता.

दोन वर्षांनी तिची बदली झाली. काही काळ पत्रं आली, पुरुषी क्रियापदांची, मग कमी झाली, मग थांबली. भांडण नाही, काही नाही. माणसं अशीच लांब जातात. पण पुढच्या वर्षीच्या त्या गुरुवारी आईनं संध्याकाळी एक मोठी भाकरी थापली आणि गुळात नारळाचं दूध केलं. त्याच्या पुढच्याही. एकदा परभणीच्या पाळकांनी ते पाहिलं आणि विचारलं, ही कुठली प्रथा? मराठी ख्रिस्ती लोकांत तर नाही, आणि केरळातल्यांत ज्वारी नाही. आई म्हणाली, "आमची हाय." पाळकांनी मोडून घेतली आणि खाल्ली.

दादा होते तोवर तेच भाकरी मोडायचे. ते गेल्यावर त्या वर्षी आमच्या घरी भाकरी झाली नाही. गयाबाई आपणहोऊन घेऊन आली, तिला नियम सांगावा लागला नाही. पुढे मोडण्याचं काम रूथकडे आलं, कारण तीच घरी राहिली. रूथनं लग्न केलं नाही, त्याच शाळेत शिकवायला लागली, आणि आईजवळ राहिली. पहिला तुकडा ती आईला द्यायची. मोठ्यापासून सुरू करायचं आणि धाकट्यापर्यंत यायचं, हा आमच्या घरात आपसूक पडलेला क्रम. लग्न होऊन मी परभणीला आले, तरी त्या गुरुवारी पॅसेंजरनं गंगाखेडला जाऊन यायचं मी कधी चुकवलं नाही.

या वर्षी पौषात आई गेली. दुखणं लांबलं नाही, तिला ते आवडलंही नसतं.

झावळ्यांच्या रविवारी रूथचा फोन आला. बराच वेळ शाळेच्या परीक्षांबद्दल बोलली, मग म्हणाली, "अक्का, या वर्षी आपल्या घरी करायची न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. गयाबाईही आता नाही. तिची मुलं पुण्याला असतात आणि त्या घरात भाडेकरू आहेत. रूथनं फोन ठेवला.

गुरुवारी रजा टाकली. दुपारी परभणीच्या माझ्या गॅसवर मोठी भाकरी थापली. तवा पुरेना, एका बाजूनं थोडी करपली. आता मरण आईच्या घरी झालं, आणि मी दुसऱ्या घरची. पण लेकही मीच. नियमात मी शेजारी ठरते की दुःखातली, ते कोणाला विचारणार… सिस्टर असती तर तिनं सांगितलं असतं. मी भाकरी फडक्यात गुंडाळली, गुळाच्या दुधाचा डबा घेतला आणि गाडी पकडली.

रूथनं ओसरी सारवल्यासारखी स्वच्छ पुसून ठेवली होती. चूल थंड होती. मी गाठोडं पुढे ठेवलं तेव्हा ती आत जाऊन दोन वाट्या घेऊन आली. प्रार्थना तिनंच केली, छोटीशी. आईचं नाव पुरं घेतलं.

मग तिनं भाकरी मोडली. पहिला तुकडा घेतलेला तिचा हात सवयीनं भिंतीकडे, आईच्या पाटाच्या बाजूला गेला, तिथं थोडा थांबला, आणि मग माझ्यापुढे आला.

"घे," ती म्हणाली. "आता मोठी तूच."

मी तो घेतला. प्रवासात तो कडक झाला होता. चावायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आम्हा दोघींनाही काही बोलावं लागलं नाही.